दोरी, ओळंबा अन् टेप: घरच्या घरी गाडीचं व्हील अलाइनमेंट कसं तपासायचं अन् कसं सुधरवायचं

मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी गाडी धुतांना पुढच्या डाव्या टायरवरून सहज हात फिरवला, अन् हात आतल्या बाजूला गेला तसं धस्स झालं. बाहेरून टायर एकदम चांगलं दिसत होतं, नक्षी शाबूत, पण आतली कड पार गुळगुळीत झालेली अन् एका ठिकाणी तर आतले धागे दिसायला लागलेले. उजव्याचंही तेच. आणि ह्याच गाडीचं अलाइनमेंट चार महिन्यांपूर्वी मशीनवर करून आणलेलं, स्क्रीनवर सगळं हिरवं दाखवलेलं, पैसे देऊन मी खुशीत घरी आलेलो. मग चूक त्या दुकानाची होती की नंतर पारोळ्याच्या अलीकडे बसलेल्या त्या एका खड्ड्याची, हे मला आजही सांगता येत नाही, कारण माझ्याकडे स्वतःचं घेतलेलं एकही माप नव्हतं. दोन टायरचे पैसे गेले, ते जाऊ द्या, पण आतले धागे निघालेल्या टायरवर मी बायकापोरांना घेऊन हायवेने धुळ्याला जाऊन आलो होतो, ही गोष्ट अजूनही डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून मी माप घरी घेतो. सगळं काम गवंड्याच्या सामानात होतं, त्याला महागडं मशीन लागत नाही. ज्याने केळीची बाग लावतांना दोरी धरलीय किंवा घराच्या पायाची आखणी बघितलीय त्याला हे अर्ध्या तासात समजेल. माझी गाडी जुनी वॅगनआर आहे, टायर १४५/८० आर १३, त्यामुळे खाली जे आकडे येतील ते तिचे आहेत, तुमचे थोडे वेगळे येतील पण पद्धत तीच.

आधी काय मोजायचं ते बघू. अलाइनमेंटमध्ये तीन गोष्टी येतात, टो, कॅम्बर आणि कॅस्टर. टो म्हणजे वरून बघितलं तर पुढची दोन चाकं एकमेकांकडे नाकं करून आहेत की एकमेकांपासून फाकलेली आहेत. नाकं आत असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आऊट. कॅम्बर म्हणजे समोरून बघितलं तर चाक वरून आत झुकलंय की बाहेर. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो अक्ष मागे किती कललाय ते. आता आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये, जिथे पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग अन् शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असतो तिथे कॅम्बर अन् कॅस्टर कंपनीकडूनच ठरलेला असतो, त्याला सेटिंगच नसतं, फक्त पुढचा टो तेवढा टाय रॉडवरून, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत येणाऱ्या रॉडवरून, कमीजास्त करता येतो. अन् टायर सगळ्यात जास्त खातो तो टोच. म्हणून घरी जे करायचंय ते टोचं काम, बाकीचं फक्त बघून ठेवायचं.

टो किती महत्त्वाचा आहे ह्याचा मी एकदा वहीवर हिशोब मांडला. माझ्या गाडीचा टो-आऊट निघाला ६ मिमी, म्हणजे एका चाकाला ३ मिमी, टायरचा व्यास साधारण ५६० मिमी. म्हणजे दर ५६० मिमी पुढे जातांना चाक ३ मिमी बाजूला पळायला बघतं पण गाडी सरळ चाललीय म्हणून ते रस्त्यावर आडवं घासत जातं. एका किलोमीटरला झाले सव्वापाच मीटर. जळगाव ते धुळे ९० किलोमीटर धरा, तर एका फेरीत प्रत्येक पुढचं टायर जवळपास पावणेपाचशे मीटर आडवं घासलं गेलं. हे आकडे बघितल्यावर मला कोणी टायर लवकर का गेले असं विचारायची गरज राहिली नाही.

टायर स्वतःच सांगतं काय बिघडलंय, फक्त हात लावावा लागतो. तळहात टायरच्या नक्षीवर आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर अन् एकदा बाहेरून आत. टो बरोबर असेल तर दोन्हीकडे सारखं लागतं. बिघडला असेल तर एका दिशेला हात मऊ सरकतो अन् दुसऱ्या दिशेला करवतीच्या दातासारखं अडकतं. आतून बाहेर हात ओढतांना अडकलं तर टो-इन जास्त आहे आणि बाहेरची कड आधी झिजेल, बाहेरून आत नेतांना अडकलं तर टो-आऊट आहे आणि आतली कड जाईल, जी आपल्याला उभ्याने दिसतच नाही. म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून खाली वाकून आतली कड बघायची सवय लावा, महिन्यातून एकदा तरी. दोन्ही कडा झिजून मधला भाग शिल्लक असेल तर हवा कमी ठेवल्याचं लक्षण, मधलाच भाग झिजला तर हवा जास्त. एकाच टायरची एकच कड झिजली अन् दातेरी लागत नसेल तर कॅम्बरचा संशय घ्या, खड्ड्यात स्ट्रट किंवा खालचा आर्म वाकलेला असू शकतो.

आणि गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंटच गेलं असं लगेच धरू नका. आपले रस्ते पाणी उतरावं म्हणून मधून उंच अन् कडेला उतरते असतात, आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे गाडी थोडी डावीकडे जाणारच. ओढतेच असं वाटलं तर पुढची दोन टायर आपसात बदलून बघा, ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरमध्ये आहे. पाच-दहा किलोमीटर फिरून आल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या, सांभाळून, एक चाक दुसऱ्यापेक्षा बरंच तापलं असेल तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाहीये. हे दोन तपास फुकट आहेत, आधी करा.

आता मोजायच्या आधीची तयारी, अन् इथे घाई करू नका कारण निम्मी मापं इथेच चुकतात.

हवा सगळ्यात आधी. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर स्टिकर असतं त्याच्यावर लिहिलेली हवा, टायर थंड असतांना, चारही चाकात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये हे काम सकाळी सहा-साडेसहालाच करायचं. दहा वाजेपर्यंत जळगाव-भुसावळकडे ऊन असं होतं की गाडीच्या ज्या बाजूला ऊन आहे तिकडचे टायर तापतात अन् सावलीतले थंड राहतात, पाच-सहा डिग्री फरकाला जवळपास एक पीएसआय हवा बदलते, मग डावं-उजवं कसं जुळणार. शिवाय गाडीखाली वाकायचं आहे, दुपारी फरशीवर हात ठेववत नाही.

दुसरं, ढिलेपणा. पुढचं चाक जॅकवर उचला, मागच्या चाकांना पुढून-मागून विटेची उटी लावा, हँडब्रेक ओढा, आणि जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली कोणीही जायचं नाही, खाली स्टँड लावा अन् जवळ स्टेपनी आडवी सरकवून ठेवा. मग चाक डाव्या-उजव्या बाजूने, घड्याळात तीन अन् नऊ असतात तिथे धरून हलवा. खटखट लागली तर टाय रॉडचा चाकाकडचा बॉल जॉइंट किंवा रॅक एंड, म्हणजे स्टिअरिंग रॅककडचा सांधा, गेलाय. वर-खाली, बारा अन् सहाला धरून हलवा, तिथे ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट. एक जण चाक हलवेल अन् दुसरा सांध्यावर बोट ठेवून बसेल तर कुठे वाजतंय ते बोटाला लगेच कळतं. लोअर आर्मचे (खालच्या आर्मचे) रबरी बुश फाटलेत का ते पण टॉर्च मारून बघा. ह्यातलं काहीही ढिलं असेल तर अलाइनमेंट करूच नका, आधी तो पार्ट बदला. ढिल्या सांध्यावर केलेलं सेटिंग पहिल्या स्पीड ब्रेकरपर्यंत टिकतं. आणि टाय रॉड एंड बदलला की अलाइनमेंट करावंच लागतं हे पण लक्षात असू द्या.

तिसरं, जागा. काळ्या मातीच्या अंगणात हे होणार नाही, चाक दाबलं जातं. पोर्चची फरशी, सिमेंटचा कोबा, गोडाऊनचा ओटा, खळ्यावरचा पक्का भाग, काहीही चालेल. बहुतेक पोर्चला पाणी जायला ढाळ दिलेला असतो. टो मोजायला सगळीकडे सारखा थोडा ढाळ असला तर चालतो, पण एक चाक खड्ड्यात अन् तीन वर असं नको. गवंड्याकडून लेव्हल पाईप मागून घ्या, ती पारदर्शक नळी, तिच्यात पाणी भरून चारही चाकांच्या जागेची पातळी बघा. आमच्याकडे घरोघरी ठिबकच्या नळ्या पडलेल्या असतात, मी पहिल्यांदा तीच घेऊन बसलो होतो पण ती काळी असते, आतलं पाणी दिसत नाही. जिथे पाच मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तिथे प्लायवूडचा तुकडा टाकून सारखं केलं अन् त्या जागांना रंगाने खुणा करून ठेवल्या. आता दरवेळी गाडी त्याच खुणांवर उभी करतो.

गाडीत नेहमीचं सामान ठेवा, डिकीत खताच्या गोण्या नकोत. स्टिअरिंग सरळ. आता गाडी तीन-चार मीटर पुढे ढकलून आणा, रिव्हर्स घेऊन आणू नका, मागे घेतल्यावर सांधे उलट्या बाजूला ओढलेले राहतात अन् माप वेगळं येतं. पुढे बॉनेटवर अन् मागे डिकीवर दोन-तीनदा दाबून सस्पेन्शन बसू द्या. स्टिअरिंग हलू नये म्हणून मी सीट पुढे घेतो अन् सीट अन् स्टिअरिंगच्या मध्ये एक उशी दाबून ठेवतो. चावी लावून स्टिअरिंगचं लॉक काढलेलं असावं, गाडी न्यूट्रलला.

आता पहिलं माप, एकूण टो. लागतं काय, ओळंबा, स्टीलचा टेप, व्हाइटनरचा पेन, पांढरी चिकटपट्टी, बारीक टोकाची पेन्सिल आणि एक माणूस जोडीला.

पुढच्या दोन्ही टायरवर, अगदी पुढच्या टोकाला, एक्सलच्या मध्याच्या उंचीवर, नक्षीच्या मधल्या खाचेजवळ व्हाइटनरने बारीक ठिपका द्या. उंची अंदाजाने नको, जमिनीपासून चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा आणि तेवढ्याच उंचीला ठिपका. एक्सलच्या उंचीला टायरचं पुढचं टोक सगळ्यात बाहेर आलेलं असतं त्यामुळे ओळंब्याची दोरी तिथून कुठेही न अडकता सरळ खाली जाते. ठिपक्याला दोरी टेकवून ओळंबा सोडा, हलायचा थांबला की त्याच्या टोकाखाली फरशीवर चिकटपट्टी लावून त्याच्यावर पेन्सिलची बारीक खूण करा. दोन्ही बाजूला.

मग दोघांनी मिळून गाडी हळू पुढे ढकला, स्टिअरिंगला हात न लावता, जोपर्यंत तेच ठिपके फिरून टायरच्या मागच्या टोकाला, त्याच उंचीला येतात. माझ्या गाडीला हे साधारण ८८ सेंटिमीटर होतं, टायरचा अर्धा घेर. तिथे ब्रेक दाबून थांबवू नका, एकाने हळूच चाकाला उटी सरकवायची. आता मागच्या बाजूने पुन्हा ओळंबा, पुन्हा फरशीवर खुणा. मडफ्लॅप आड येतो तो बाजूला धरा.

आता गाडी पूर्ण बाजूला काढा. फरशीवर चार खुणा राहिल्या, दोन पुढच्या मापाच्या अन् दोन मागच्या. टेप जमिनीवर ताणून आरामात मोजा, मध्ये इंजिन नाही, चेंबर नाही, काहीच आड येत नाही. बरेच लोक गाडी उभी असतांना टेप मागच्या बाजूने घालायला बघतात, तिथे काही ना काही अडतंच अन् टेप वाकून माप चुकतं. आणि तोच ठिपका पुढे अन् मागे वापरल्यामुळे रिम थोडी वाकडी असली किंवा टायर एका ठिकाणी फुगलेलं असलं तरी माप बिघडत नाही, ही ह्या पद्धतीची सगळ्यात चांगली गोष्ट.

माझं आलं ते असं. पुढच्या खुणांमध्ये १३०१ मिमी, मागच्या खुणांमध्ये १२९५. पुढचं माप मोठं म्हणजे नाकं फाकलेली, टो-आऊट ६ मिमी. मागचं माप मोठं असतं तर टो-इन. एकदा मोजून थांबू नका, तीनदा करा. तिन्ही वेळा एक मिमीच्या आत आलं तर माप खरं, नाहीतर गाडी ढकलतांना कोणीतरी स्टिअरिंग हलवलंय किंवा दोरी ठिपक्यावर टेकलीच नव्हती. टेपचं पुढचं हूक ढिलं असतं म्हणून मी १०० मिमीच्या रेघेपासून मोजतो अन् नंतर १०० वजा करतो.

किती असावा, तर ते तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते. पुढच्या चाकाने ओढणाऱ्या छोट्या गाड्यांचा टो साधारण शून्याच्या आसपास असतो, एखाद-दोन मिमी इकडे तिकडे. आकडा मिमीत आहे की डिग्रीत ते नीट बघा. डिग्रीत असेल तर १३ इंची रिमच्या टायरला एका चाकाचा ०.१ डिग्री म्हणजे जवळपास १ मिमी असा हिशोब बसतो.

हे झालं एकूण माप. पण ते कोणत्या चाकात किती आहे अन् मागची चाकं सरळ आहेत का, हे त्यातून कळत नाही, त्याला दोरी लागते. आमच्या गल्लीत एक म्हातारे गवंडी काका आहेत, पहिल्यांदा मी दोरी बांधत होतो तेव्हा ते ओट्यावर बसून बघत होते, थोड्या वेळाने उठून आले अन् म्हणाले, दोरी ढिली शे भाऊ, तान दे. खरंच होतं, मधे दोरीला झोळ होता. त्यांनी स्वतः गाठ बदलून दिली.

दोरीचं असं करायचं. खिडक्या बनवणाऱ्याकडून अॅल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी सेक्शन आणा, गाडीच्या रुंदीपेक्षा फूटभर जास्त. दोन्हीवर अगदी सारख्या अंतरावर करवतीने दोन-दोन बारीक खाचा पाडा. एक सेक्शन गाडीच्या पुढे अन् एक मागे, स्टँडवर किंवा विटांच्या थरावर ठेवा, उंची चाकाच्या मध्याइतकी. खाचांमधून दोन्ही बाजूंनी बारीक नायलॉनची दोरी ताणून बांधा, टोकाला पाण्याची बाटली लटकवली की ताण सारखा राहतो. खाचा सारख्या अंतरावर असल्याने दोन्ही दोऱ्या एकमेकींना समांतर झाल्या. आता हा सगळा चौकोन गाडीच्या मधोमध आणायचा. पुढच्या डाव्या चाकाच्या मध्यापासून दोरीचं अंतर अन् पुढच्या उजव्याचं सारखं करा, मग मागच्या डाव्याचं अन् मागच्या उजव्याचं सारखं करा, मग परत पुढे जाऊन बघा कारण मागे सरकवलं की पुढचं थोडं बदलतं. पुढचं अन् मागचं अंतर एकमेकांसारखं येईलच असं नाही, पुढची चाकं अन् मागची चाकं ह्यांची रुंदी कंपनीनेच वेगळी ठेवलेली असते, डावं-उजवं जुळलं की झालं. ह्याला वेळ लागतो, वीस मिनिटं जातात, जाऊ द्या.

मग प्रत्येक चाकाच्या रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत अन् मागच्या कडेपासून दोरीपर्यंत स्टीलच्या पट्टीने मोजा. पट्टी दोरीला टेकवून ढकलू नका, दोरी नुसती पट्टीच्या आकड्यावरून गेली पाहिजे. पुढच्या कडेचं अंतर जास्त म्हणजे ते चाक टो-इन, मागच्या कडेचं जास्त म्हणजे टो-आऊट. हे माप रिमवरचं आहे अन् ओळंब्याचं माप टायरवरचं, रिम लहान असते, माझ्या गाडीला रिमवरचा फरक साधारण दीडने गुणला की टायरवरचा येतो. दोन्ही एकमेकांत मिसळू नका, मी पहिल्या वेळेला मिसळले अन् एक तास डोकं धरून बसलो.

मागच्या चाकांचं काय येतं ते वहीत लिहून ठेवा. छोट्या गाड्यांना मागे बहुतेक एकच आडवा बीम असतो, त्याला घरी काही सेटिंग नाही. दोन्ही चाकांचा टो-इन सारखा असेल तर ठीक. पण डावं अन् उजवं दोन्ही एकाच दिशेला वळलेलं असेल, म्हणजे गाडी खेकड्यासारखी तिरकी चालत असेल, तर बीम सरकलाय किंवा वाकलाय. तिथे घरचं काम संपलं, ते चांगल्या वर्कशॉपचं काम. कॅम्बर बघायचा असेल तर चाकाच्या वरच्या अन् खालच्या रिमला टेकेल अशी सरळ पट्टी धरून तिच्यावर मोबाईलचं लेव्हलचं अॅप लावा, डाव्या-उजव्यात एक डिग्रीच्या आसपास फरक निघाला तर काहीतरी वाकलंय असं समजा अन् दाखवा.

आता दुरुस्ती.

पुढच्या चाकामागे हात घातला की टाय रॉड सापडतो. स्टिअरिंग रॅकमधून निघून चाकापर्यंत आलेली बोटाएवढी जाड रॉड, टोकाला बॉल जॉइंट, अन् दोघांच्या मध्ये आट्यांवर घट्ट बसलेला चेक नट. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं की चाकाच्या मागून हा नट पान्याच्या आवाक्यात येतो, गाडी उचलावीच लागते असं नाही. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासून गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. पावसाळ्यात चिखल उडून हा नट असा धरतो की घाईत पाना घसरून हाताची सालटं निघतात.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी केल्याशिवाय पाना लावू नका. एक, चेक नटच्या बाहेर किती आटे दिसतात ते दोन्ही बाजूला मोजून लिहा, मोबाईलवर फोटो काढा. दुसरं, रॉडवर अन् बॉल जॉइंटवर मिळून एक सरळ पांढरी रेघ मारा, म्हणजे रॉड किती फिरली ते नंतर डोळ्याने दिसतं. हे केलं असेल तर काहीही गडबड झाली तरी जिथून निघालो तिथे परत येता येतं.

बॉल जॉइंटला एका पान्याने धरून ठेवा अन् दुसऱ्या पान्याने चेक नट ढिला करा. न धरता जोर लावला तर सगळा जोर जॉइंटवर जातो. रबरी बूटची रॅककडची नाही, रॉडकडची छोटी क्लिप पण सरकवा, नाहीतर रॉड फिरली की बूट पिळला जातो अन् फाटतो, मग आत पाणी-धूळ जाऊन रॅकच खराब. आता स्टिअरिंग परत सरळ करा अन् रॉडवर पान्यासाठी चपटी जागा असते तिथे धरून रॉड फिरवा. सपाट जागा नसेल तर पकड पाना, पण आट्यांवर तो कधीच लावायचा नाही.

कोणत्या बाजूला फिरवायचं, ह्यात गोंधळ होतो म्हणून मी दिशा पाठ करत नाही, आटे बघतो. आटे कमी दिसायला लागले म्हणजे रॉड आत जाऊन लांबी कमी झाली, जास्त दिसले म्हणजे लांबी वाढली. आणि लांबी वाढल्याने काय होतं ते टाय रॉड चाकाला कुठे जोडलाय ह्याच्यावर आहे. चाकाच्या मध्याच्या मागे जोडला असेल, माझ्या गाडीला तसाच आहे, तर लांबी वाढवली की चाकाची मागची बाजू बाहेर ढकलली जाते अन् नाक आत येतं, म्हणजे टो-इन वाढतो. मध्याच्या पुढे जोडला असेल तर बरोबर उलटं. वाकून स्वतःच्या डोळ्याने बघा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

किती फिरवायचं, तर १३-१४ इंची चाकाच्या छोट्या गाडीला रॉडचा पाव फेरा म्हणजे त्या चाकाला साधारण दीड मिमी. माझा ६ मिमी काढायचा होता, म्हणजे एका चाकाला ३, म्हणून दोन्ही बाजूला अर्धा-अर्धा फेरा लांबी वाढवली. दोन्ही बाजूला सारखंच, ही गोष्ट सोडू नका. एकाच बाजूचं फिरवून आकडा जुळवता येतो पण मग गाडी सरळ चालतांना स्टिअरिंग तिरपं राहतं, अन् हे असं काम मी पैसे घेऊन केलेलं पण बघितलंय.

स्टिअरिंग आधीच तिरपं असेल तर आता सोबत ते पण काढता येतं. गाडी सरळ चालतांना स्टिअरिंग डावीकडे झुकलेलं राहत असेल आणि टाय रॉड मागे जोडलेला असेल तर डाव्या बाजूची लांबी जेवढी कमी करायची तेवढीच उजव्या बाजूची वाढवायची. एकूण टो तोच राहतो, फक्त स्टिअरिंग सरळ होतं. पाव-पाव फेऱ्याने जा.

उभ्या गाडीवर रॉड फिरवली तर टायर फरशीला धरून बसतं, वळतच नाही, मग माप खोटं येतं. त्यासाठी पुढच्या प्रत्येक चाकाखाली पत्र्याचे दोन तुकडे, मध्ये भरपूर ग्रीस लावून ठेवतात, चाक मग लोण्यासारखं सरकतं. पण तेव्हा पुढची चाकं गाडीला धरून ठेवत नाहीत, म्हणून मागे उटी अन् हँडब्रेक दोन्ही पाहिजे. मी हल्ली ते पत्रे करतच नाही, रॉड फिरवून गाडी पाच मीटर पुढे ढकलून आणतो, चाकं आपोआप बसतात, अन् ओळंब्याचं माप परत घेतो. वेळ जास्त जातो पण भीती नाही.

अर्ध्या फेऱ्यानंतर माझं माप आलं पुढे १२९८, मागे १२९७. टो-आऊट १ मिमी. मी तिथेच थांबलो. शून्याच्या मागे लागून अजून थोडं, अजून थोडं करत बसलात तर दुपार होते, अन् ओळंब्याने त्याहून बारीक मोजता पण येत नाही.

आता चेक नट घट्ट करतांना परत जॉइंटला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर नटासोबत रॉड फिरते अन् केलेलं सगळं जातं. टॉर्क रेंच असेल तर मॅन्युअलमधला आकडा लावा. बॉल जॉइंट मधल्या स्थितीत आहे का, एका बाजूला पूर्ण कललेला तर नाही ना, ते बघा. बूटची क्लिप परत जागेवर. किती आटे बाहेर राहिले ते पुन्हा मोजून लिहा. दोन्ही बाजूच्या आट्यांमध्ये चार-पाचचा फरक दिसत असेल तर पूर्वी कोणीतरी एकाच बाजूने काम केलंय किंवा काहीतरी वाकलंय. आणि रॉड इतकी बाहेर आली असेल की आत मोजकेच आटे धरून आहेत, तर ती गाडी चालवू नका, तिथे जोड निसटला तर चाक कुठेही वळेल. नट घट्ट झाल्यावर माप अजून एकदा घ्या, घट्ट करतांना अर्धा-एक मिमी हलतंच.

चालवून बघायला पहिल्या दिवशी हायवे नको. आमच्याकडे पहाटे एमआयडीसीतला सरळ रस्ता रिकामा असतो, तिथे आधी वीसने, मग चाळीसने. स्टिअरिंग सरळ आहे का, वळणानंतर आपोआप परत येतं का, ब्रेक मारतांना कुठे ओढतं का. काही वेगळा आवाज आला तर लगेच थांबून चेक नट हाताने बघा. पन्नास किलोमीटर झाल्यावर दोन्ही नटांना परत पाना लावून घट्ट आहेत का ते बघा.

काही गाड्यांना हे करू नका. ज्या नव्या गाडीत कॅमेरा-रडार बसवलेलं असतं, स्वतः लेनमध्ये ठेवणारी, किंवा ज्यात स्टिअरिंगचा अँगल सेन्सर ईएसपीला (गाडी घसरू नये म्हणून असलेल्या यंत्रणेला) जोडलेला आहे, तिचं माप घरी घ्या पण सेटिंग मशीनवरच करा, नंतर तो सेन्सर शून्यावर आणावा लागतो. बोलेरोसारख्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन वेगळं असतं, वरचं सगळं तिला जसंच्या तसं लागू होत नाही. अपघात झालेली, चॅसिस वाकलेली गाडी तर नाहीच. टायर झिजून खाचेतल्या खुणेपर्यंत, म्हणजे १.६ मिमीवर आलेलं असेल तर आधी टायर बदला, मग मोजा.

आणि मशीनवर जाणं वाईट आहे असं मी म्हणत नाही, चांगल्या दुकानात चारही चाकं, कॅम्बर-कॅस्टर सगळं एकदम दिसतं. फक्त जायच्या आदल्या सकाळी घरी ओळंब्याने मोजून जा अन् आल्यावर दुसऱ्या सकाळी परत मोजा. तिथे आधीचे अन् नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्या. मशीनवर चढवण्याआधी हवा तपासली का, चाकं हलवून बघितली का, तेवढं उभं राहून बघा. तुमच्या वहीतलं माप अन् त्यांच्या कागदावरचं जुळलं तर ते दुकान सोडू नका.

माझी वही गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तारीख, किलोमीटर, पुढचं माप, मागचं माप, दोन्हीकडचे आटे. पावसाळा संपल्यावर एकदा, अन् कन्नड घाट उतरून-चढून किंवा कुठल्या खड्ड्यात जोरात आदळून आलो की लगेच एकदा. आत्ताच्या पाडव्याला मोजलं तेव्हा पुढे १२९८, मागे १२९७ च होतं, अन् डाव्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला तर दोन्ही दिशेने सारखा मऊ लागला.